पत्रांनी बांधलेली इतिहासमंडळी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपली सारी हयात वर्गात मराठी शिकविण्यात घालविली. त्यांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो म्हटले तर इतिहासाचा आहे, म्हटले तर शिक्षकांचा. मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने ज्यांनी प्रथम उजेडात आणली, त्यांत शाळामास्तरांचा भरणा फार मोठा होता. त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते, अनुदान नव्हते, पुष्कळांच्या गावी धड ग्रंथालयही नव्हते. त्यांच्याजवळ होते ते टपालखाते. मिरज, सातारा, वाई, धुळे, बडोदे, ग्वाल्हेर, पणजी, कोटा, सीतामऊ, पाटणा अशा दूरदूरच्या ठिकाणी बसलेली ही माणसे पत्रे लिहून, नकला पाठवून आणि एकमेकांच्या चुका दाखवून एक विद्वन्मंडळी बनली. ही मंडळी कशी बनली, कशावर टिकली आणि कोठे उणी पडली, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

आरंभ १८७८ पासून करणे सोयीचे. त्या वर्षी काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या परिश्रमातून ‘काव्येतिहास-संग्रह’ हे मासिक निघाले. साने आणि मोडक दोघेही शिक्षकी पेशातले. जुन्या बखरी, कैफियती, पत्रे आणि काव्ये छापून वाचकांच्या हाती द्यावीत, हा मासिकाचा हेतू. सभासदाची बखर सान्यांनी संपादून प्रसिद्ध केली, ती याच उद्योगाचे फळ. मोडकांनी तिथी-तारखांचा मेळ घालणारी जंत्री सिद्ध केली. जंत्री हे काही रसाळ वाङ्मय नव्हे. परंतु बखर छापणाऱ्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, श्रेय मी जंत्री करणाऱ्याला देईन. कारण पुढच्या प्रत्येक संशोधकाचे काही महिने तिने वाचविले.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे त्याच पंक्तीतले. मिरजेच्या शाळेत ते संस्कृत शिकवीत. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील हजारो मोडी पत्रे त्यांनी वाचली, लावली, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडशः छापण्यास आरंभ केला. १९२४ साली त्यांचे निधन झाले तोवर बारा खंड बाहेर पडले होते. प्रत्येक प्रकरणाआधी घटनांचा धागा जुळविणारी त्यांची प्रस्तावना आजही वाचावी अशी आहे. हे सारे शाळेची नोकरी सांभाळून झाले. तपासण्याच्या वह्या बाजूला सारून रात्री दिव्याशी रुमाल सोडणारा हा माणूस आपल्या इतिहासलेखनाच्या इतिहासात जेवढा दिसावयास हवा तेवढा दिसत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

राजवाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वाई येथे हाती आलेल्या कागदांतून विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतापर्यंतच्या दशकाची पत्रे त्यात आली आणि बखरींवर विसंबून असलेला इतिहास एकाएकी हलला. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. मंडळाची रीत साधी होती. कोणीही यावे, आपल्याजवळचा कागद, ताम्रपट अथवा नाणे सभेपुढे ठेवावे, त्यावर टिपण वाचावे, इतरांनी शंका काढाव्यात आणि ते सारे इतिवृत्तात छापले जावे. गावोगावचा कुलकर्णी, वकील, मास्तर यांना आपल्या घरचा कागद ‘इतिहास’ आहे हे या रीतीने प्रथम कळले. राजवाडे स्वभावाने तापट, कोणाशी फार काळ पटवून न घेणारे. मंडळाशीही त्यांचे बिनसले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास त्यांचा अंत झाला, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले ते वाचक म्हणून. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे, पुढे राजपुत्रांना शिकवावयाचे, असे काम. शिकविण्यासाठी काढलेली टिपणे वाढत गेली आणि त्यांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’, १९०२ पासून ‘मराठी रियासत’ हे ग्रंथ जन्मास आले. हा ग्रंथ वर्गपाठाच्या टाचणांतून वाढला, हे विसरता कामा नये. सरदेसाई तेव्हा मूळ कागद शोधणारे नव्हते. इतरांनी छापलेली साधने जुळवून सुसंगत कथा सांगणारे होते. पुण्यातील काही मंडळींना म्हणूनच ते दुय्यम वाटत. परंतु जुळवून सांगणाऱ्याची एक अडचण असते, ती केवळ शोधणाऱ्याला भासत नाही. कथेतील भोके त्याला स्पष्ट दिसतात. पुण्याहून दिल्लीस निघालेले पत्र मिळाले. दिल्लीस त्याचे काय झाले ते कोण सांगणार?

या प्रश्नाचे उत्तर बंगालच्या एका प्राध्यापकाने दिले. यदुनाथ सरकार हे पाटण्यास अध्यापन करीत होते आणि औरंगजेबाच्या इतिहासासाठी फार्सी साधने गोळा करीत होते. त्यांना मराठी कागदांची गरज होती, सरदेसायांना फार्सी कागदांची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो जवळजवळ अर्धशतकभर चालला. यदुनाथांची पत्रे पुढे हरिराम गुप्त यांनी संपादित करून प्रसिद्ध केली आहेत. ती चाळताना प्रथम थोडी निराशाच होते. त्यांत थोर विचार फारसे नाहीत. अमुक खंड पाठवा, अमुक नाव नीट वाचून कळवा, अमुक गाव नकाशावर सापडत नाही, मुद्रिते लवकर परत करा, प्रकृतीस जपा, असा मजकूर. पण हीच या व्यवहाराची खरी घडण होती.

ज्यांनी मोडी कागद हाताळलेला नाही त्यांच्यासाठी येथे थोडे विस्ताराने सांगतो. पेशवाईतील पुष्कळशा पत्रांवर केवळ चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो. उदाहरणार्थ, ‘छ १४ जमादिलावल’. वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग लिहावयाचे कशाला? काही ठिकाणी वर्ष असते, पण सुहूर सनात आणि तेही अरबी संख्यांच्या शब्दांत. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७३; इसवी सन १७७२-७३. वर्ष नसलेले पत्र कोणत्या सालचे हे आतील मजकुरावरून ठरवावे लागते. पत्रात समजा म्हटले आहे की वजीर शहराबाहेर डेरे देऊन राहिला. कोणता वजीर, कोणत्या पावसाळ्यात? याचा निर्णय दिल्लीच्या फार्सी अखबारावाचून होत नाही. उलट फार्सी शिकस्ता लिपीत नुक्ते गाळलेले असले की मराठी सरदाराचे आडनाव चार तऱ्हांनी वाचता येते. कोणते खरे, हे मराठी कागदच सांगतो. अशा स्थितीत एकटा विद्वान कितीही मोठा असला तरी अर्धाच राहतो. सरकार आणि सरदेसाई यांची मैत्री ही प्रथम या गरजेतून झाली. जिव्हाळा मागाहून आला. १९२६ साली यदुनाथांच्या पुढाकाराने सरदेसायांनी पाटणा विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासाच्या मुख्य प्रवाहांवर इंग्रजीत व्याख्याने दिली, आणि मराठीत वाढलेला हा इतिहास परप्रांतीयांच्या चर्चेत आला.

या जोडीस पुढे तिसरा मिळाला, तो माळव्यातील सीतामऊ संस्थानचा राजकुमार. रघुवीरसिंह १९०८ साली जन्मले, म्हणजे सरदेसायांहून त्रेचाळीस वर्षांनी लहान. यदुनाथांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी माळव्याच्या स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला; तो १९३६ साली प्रसिद्ध झाला. पण त्यांचे मोठे काम ग्रंथालयाचे. जेथे मूळ कागद मिळणार नाही तेथून त्याची नकल, नकल नाही तर छायाप्रत, असा त्यांनी धडाका लावला. एका लहानशा संस्थानी गावात फार्सी अखबार, मराठी दप्तरांच्या नकला आणि इंग्रजी पत्रसंग्रह शेजारी शेजारी ठेवलेले मिळू लागले.

त्यांतच कोट्याचे गुळगुळे दप्तर येते. हे दप्तर आपणा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना विशेष जवळचे वाटावे. गुळगुळे हे राजस्थानात कोटा येथे स्थायिक झालेले मराठी घराणे. शिंदे, होळकर, पवार यांची त्या प्रांतातील मामलत व खंडणी वसूल करणे आणि तिकडची बातमी कळविणे हे त्यांचे काम. लालाजी बल्लाळ गुळगुळे हे त्यांतील प्रसिद्ध नाव. महादजी शिंद्यांच्या फौजा कोठे आहेत, रजपूत राजे काय बोलतात, हुंडी वटली की नाही, रसदेस किती रुपये लागले, असा रोजचा कारभार त्या कागदांत आहे. पुण्याच्या दप्तरात मोहिमेचा हुकूम सापडतो. तो हुकूम पाळण्यासाठी पैसा कोठून आला, हे कोट्याचे कागद सांगतात. ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळके यांनी १९२९ पासून ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ छापण्यास आरंभ केला तेव्हा या कागदांचा त्यांनी उपयोग केला, आणि सीतामऊसही त्यांच्या नकला गेल्या. मराठी मुलखापासून शेकडो मैलांवर, हिंदी बोलणाऱ्या शहरात, एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या बस्ते जपले म्हणून उत्तर हिंदुस्थानातील मराठी सत्तेचा जमाखर्च आपणांस उपलब्ध झाला. इंदुरास वा. वा. ठाकूर यांनी होळकरशाहीच्या साधनांचे काम केले, तेही याच दिशेचे.

पणजीची गोष्ट वेगळी, पण तितकीच बोधप्रद. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरखान्यात आपले आयुष्य वेचले. तेथे ‘शेजारी राजे’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली बांधलेली पुस्तके आहेत. पोर्तुगीजांनी मराठे व इतर सत्ताधीशांना धाडलेली पत्रे त्यांत नोंदलेली. छत्रपती संभाजी महाराजांच्या गोव्यावरील स्वारीसारखे प्रकरण या कागदांवाचून नीट उमगत नाही. पिसुर्लेकर पोर्तुगीजांत लिहीत, मराठीत लिहीत आणि विचारणाऱ्यास कागदाचा पत्ता देत. राजकीय सरहद्द परक्या सत्तेची, पासपोर्टाची. पण कागदाची नक्कल ती ओलांडून जाई.

हे सारे वाचताना असे वाटेल की मंडळीत नुसता स्नेहभावच नांदत होता. तसे मुळीच नव्हते. पेशवे दप्तराचा वाद त्याची साक्ष आहे. पस्तीस हजारांच्या घरात रुमाल असलेले हे दप्तर इंग्रज सरकारने बहुतांशी बंद ठेवले होते. ग. चि. वाड यांनी काढलेल्या रोजनिशीतील उताऱ्यांसारखे थोडे काही बाहेर आले, बाकी कुलूप. पुण्यातील संशोधक वर्षानुवर्षे दार ठोठावीत होते. अखेर दप्तर उघडले ते १९२९ साली, आणि निवड करण्याचे काम सोपविले गेले सरदेसायांवर. त्यामागे यदुनाथांची शिफारस होती. १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ पंचेचाळीस खंडांत छापून निघाले. पुण्यातील मंडळींना हे झोंबले. ज्यांनी दार उघडण्याची मागणी केली त्यांना बाहेर ठेवून एका निवृत्त संस्थानी अधिकाऱ्याला आत घेतले, हा आक्षेप.

या वादात कोण बरोबर होते? माझे मत असे की तत्त्व पुण्याच्या बाजूचे होते आणि काम सरदेसायांच्या बाजूचे. सार्वजनिक दप्तर एका माणसाच्या निवडीपुरते उघडावे, हे कोणत्याही न्यायाने समर्थनीय नाही. निवडणाऱ्याच्या दृष्टीस राजकारण दिसते. गावचा पाणीतंटा, बलुत्याचा वाद, बाजारभाव मागे राहतात, आणि तसे ते राहिलेही. घाईमुळे काही कागदांच्या तारखा पुढे इतरांना दुरुस्त कराव्या लागल्या. तरीपण पाच वर्षांत पंचेचाळीस खंड छापून घेणारा दुसरा कोण होता? सगळ्यांसाठी दार उघडण्याची वाट पाहत बसले असते तर ते स्वातंत्र्यापर्यंत बंदच राहिले असते, असा माझा तर्क आहे. वाद जोरात असतानाही दोन्ही पक्ष एकमेकांचे खंड वापरीत राहिले, ही बाब मला वादापेक्षा महत्त्वाची वाटते.

मंडळीची खरी उणीव दुसरीकडे होती. सभेत बसलेली माणसे बहुतेक एका थरातली. मोडी लिहिणे ज्यांच्या घरी वंशपरंपरेने होते, त्यांच्याच घरी कागद होते आणि कागद वाचणारेही तेच. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्येच शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून हा भूतकाळ निराळ्या बाजूने पाहता येतो हे दाखविले होते. साधने छापणाऱ्यांनी त्या दृष्टीची बूज राखली नाही. कृष्णराव अर्जुन केळुसकर हेही शिक्षकच, मुंबईच्या विल्सन हायस्कुलातले. त्यांनी लिहिलेले शिवचरित्र १९०७ चे, आणि विस्ताराने पाहता मराठीतील अशा चरित्रांत अग्रभागी बसणारे. पण पुण्याच्या इतिहासचर्चेत त्यांचे नाव तुरळकच येते. याच केळुसकरांनी तरुण भीमराव आंबेडकरांना आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला, हे या नगरीत तरी सांगावयास नको. स्त्रियांचे तर त्या इतिवृत्तांत नावही क्वचित भेटते. लष्करात, बाजारात, शेतात असलेल्या माणसांच्या आठवणी तोंडी होत्या; कागदाला प्रमाण मानणाऱ्या मंडळीने त्या लिहून घेतल्या नाहीत, आणि आता त्या सांगणारे उरले नाहीत.

यदुनाथ १९५८ च्या मे महिन्यात गेले, सरदेसाई पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कामशेतला. रघुवीरसिंह १९९१ पर्यंत होते. टपालाचे ते पर्व संपले. आज ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर वाचता येतात, मिरजेच्या शास्त्रीबुवांना हे सांगितले असते तर त्यांनी हात जोडले असते. परंतु मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाई, ती आता नाही. बडोद्यातील जुन्या मराठी वाड्यांचे मजले जसजसे पाडले जातात, तसतशा माळ्यावरच्या पेट्या रस्त्यावर येतात. नातवाला लिपी वाचता येत नाही, सुनेची मातृभाषा कदाचित गुजराती, आणि बस्त्यात काय आहे हे कळण्यास घरात कोणी नाही. तो कागद रद्दीत गेला तर त्याचा दोष त्या घरावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी विचारावे कोणाला, हे आपण त्यांना सांगितलेले नाही.

म्हणून या शाळेपुढे एक लहान प्रस्ताव ठेवतो. ग्रंथालयात एक नोंदवही असावी. माजी विद्यार्थ्यांच्या घरी जे जुने कागद असतील त्यांची तीत केवळ नोंद व्हावी. कागद घरीच राहावा, मालकी घराचीच असावी. घराणे, बस्ता, कागदाचा अनुक्रमांक, लांबी-रुंदी, लिपी आणि आरंभीच्या दोन ओळी, एवढे रकाने पुरेत. मोडी जाणणारी दोन-चार माणसे गावात अजून आहेत. त्यांचा आठवड्यातून एक वर्ग शाळेने भरवावा. ज्याने कागदाविषयी विचारणा केली त्याला महिन्याच्या आत उत्तर गेलेच पाहिजे, मग ते ‘अद्याप वाचता आलेले नाही’ एवढेच का असेना.

आणि एक बारीक सूचना. अलीकडे लोक हौसेने सनदेचे किंवा पत्राचे छायाचित्र मोबाइलवर काढून इकडेतिकडे पाठवितात. त्यावर घराण्याचे नाव नसते, बस्त्याचा पत्ता नसतो, आणि बहुधा केवळ दर्शनी बाजूच टिपलेली असते. जुन्या पत्रावर ते पोचल्याची ‘पैवस्ती’ पुष्कळदा वेगळ्या हाताने, कधी मागल्या अंगास, लिहिलेली असते. मजकुरात नसलेले वर्ष कित्येकदा तेथे मिळते. तेव्हा छायाचित्र घेताना कागद उलटून पाहावा, कोरा वाटला तरी मागची बाजू घ्यावी, आणि दोन्ही चित्रांवर एकच क्रमांक घालावा.